'पूर्वी कुठे होत्या लसी?' : एका लाडक्या युक्तिवादाचा पंचनामा

१/
"पूर्वी कुठे होत्या लसी? आमच्या पणजीने नऊ पोरे काढ्यावर वाढवली." इतिहासाच्या पोस्टखाली, घरगुती व्हॉट्सॲप गटात, बारशाच्या पंगतीत हे वाक्य हमखास कानी पडते. बोलणारा ते इतिहासाचा पुरावा म्हणून मांडत असतो. पुरावा म्हटला की तो कसोटीवर घासून पाहणे आपल्याला भाग आहे. हा थ्रेड त्या एका वाक्याविषयी आणि डांग्या खोकल्याविषयी आहे, कारण या आजारापुढे ते वाक्य क्षणभरही टिकत नाही.

२/
प्रथम आजार समजून घेऊ. पहिला आठवडा-दीड आठवडा साधे पडसे वाटते. मग उबळ सुरू होते. ठसक्यामागून ठसका येतो, मध्ये श्वास घ्यायला उसंत नसते. उबळ ओसरताना श्वास आत ओढला जातो आणि त्याचा लांब, कर्कश आवाज होतो. चेहरा लालबुंद होतो, डोळ्यांत रक्त उतरते, अनेकदा उलटी होते. हे महिनोन्महिने चालू शकते. जपानी भाषेत या रोगाचे नावच 'शंभर दिवसांचा खोकला' असे आहे.

३/
दोन-तीन महिन्यांच्या तान्ह्या बाळात मात्र तो आवाज येईलच असे नाही. कधी ते नीट खोकतही नाही. त्याचा श्वास मध्येच थांबतो आणि ओठ निळे पडतात. या रोगाचे बहुतेक बळी याच वयाचे असतात. रोगाचा जंतू माणसाखेरीज दुसऱ्या कोणत्याही प्राण्यात वस्ती करीत नाही. म्हणजे तो बाळापर्यंत माणसाकडूनच पोहोचतो, आणि पुष्कळदा तो माणूस "काही नाही, साधा खोकला आहे" असे म्हणणारा घरातलाच कोणीतरी असतो.

४/
युरोपात या आजाराची पहिली स्पष्ट नोंद १५७८ सालच्या पॅरिसमधील साथीची आहे. ती गियोम द बायू या वैद्याने केली. ब्रुसेल्समध्ये ज्यूल बोर्दे आणि ऑक्ताव जांगू यांनी १९०६ साली जंतू वेगळा केला. आता आपल्याकडे वळू. एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्याचे आरोग्य अहवाल उघडले, तर मृत्यूंच्या कारणांचे ठरावीक रकाने दिसतात: पटकी, देवी, ताप, पोटाचे विकार, इजा आणि 'इतर'. डांग्या खोकल्याने गेलेले ठाणे जिल्ह्यातील मूल यांपैकी कुठल्या रकान्यात पडले असेल? एक तर 'ताप', नाही तर 'इतर'.

५/
रकाने असे का आखले, हे पाहण्यासारखे आहे. पटकी छावणीत शिरली तर पलटण आडवी होत असे आणि यात्रेत शिरली तर जिल्हा हादरत असे. प्लेग आला की परदेशी बंदरे मुंबईच्या जहाजांकडे संशयाने पाहू लागत. म्हणूनच १८९७ साली साथरोग कायदा इतक्या तातडीने झाला. खोकणाऱ्या पोराने जहाज अडत नाही आणि पलटणही थांबत नाही. राज्यकर्त्यांनी त्यांना भय होते ते मोजले. जे मोजले गेले त्याचे दप्तर तयार झाले, आणि दप्तर होते त्याचाच पुढे इतिहास लिहिला गेला.

६/
मित्रहो, इथे आपलेही चुकते. रोगांच्या इतिहासावर लिहायचे म्हटले की आपण हाफकिनची लस, २२ जून १८९७ चा रँडवरील हल्ला, प्लेगग्रस्तांची सेवा करताना गेलेल्या सावित्रीबाई आणि १९१८ चा इन्फ्लुएंझा यांवर लिहितो. हे सारे लिहिलेच पाहिजे. पण एवढेच लिहिले, तर वसाहतीच्या सरकारने आखलेले रकाने आपण शतकानंतरही मुकाट्याने भरत आहोत, असा त्याचा अर्थ होतो. दर पावसाळ्यात आणि दर हिवाळ्यात गाजावाजा न होता गेलेली मुले त्या रकान्यांत नव्हती आणि आपल्या थ्रेडांतही नसतात. मग "पूर्वी कुठे होते असले आजार?" असे कोणी विचारले, तर तो आपल्याच मौनाचा दाखला देत असतो.

७/
रकाना नसला म्हणून खूण उरतच नाही, असे मात्र नाही. मराठी नावेच पाहा: धोंडू, दगडू, केरू, भिकू, उकिरडा. मूल 'राहत' नाही म्हणून त्याला टाकाऊ वस्तूचे नाव द्यायचे, म्हणजे दैवाची नजर त्यावर पडणार नाही, ही समजूत त्यांमागे होती. मुलाचे नाक टोचून त्याला नथू म्हणण्यामागेही हाच धाक असे. पाचवीची पूजा, सटवाई आणि तिचा ललाटलेख यांमागेही पहिल्या काही रात्रींची तीच भीती उभी आहे. कोणत्याही जुन्या वंशावळीत ही नावे मोजा. प्रत्येक धोंडूच्या आधी बहुधा एखादे न राहिलेले मूल असते, आणि त्याचे नाव कोणी लिहिलेले नसते.

८/
आता पणजीच्या नऊ मुलांकडे वळू. 'नऊ झाली' आणि 'नऊ राहिली' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरात सांगितली जाते ती कथा राहिलेल्यांची असते, कारण सांगणारे त्यांचेच वंशज असतात. सहाव्या महिन्यात गेलेल्या मुलाला नातवंडे नसतात. त्याच्या बाजूने व्हॉट्सॲपवर लिहायला कोणी उरलेले नाही. फक्त परत आलेल्यांना विचारून लढाईचा अहवाल लिहिला, तर त्या लढाईत कोणी मेलेच नाही असे निघेल. 'काढ्यावर वाढलेली नऊ पोरे' हा त्याच जातीचा अहवाल आहे.

९/
सरासरी आयुर्मानाबद्दलही असाच घोटाळा होतो. १९४१ ते १९५१ या दशकात भारतातील जन्मवेळचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. त्यावर लगेच प्रश्न येतो: "आमचे खापरपणजोबा ऐंशी वर्षे कसे जगले?" ते जगलेच. ३२ ही सरासरी आहे, आणि ती मुख्यतः पहिल्या पाच वर्षांतल्या मृत्यूंनी खाली ओढली होती. पाचव्या वाढदिवसापर्यंत पोहोचलेल्याला पुढे बऱ्यापैकी आयुष्य असे. प्रश्न तिथवर पोहोचण्याचा होता.

१०/
हे दुःख केवळ निरक्षर वा निर्धन घरांचे होते, असे कोणी समजू नये. कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या. त्यांचे बाळ दहाच दिवस जगले, आणि त्यांच्या डॉक्टर होण्यामागे ते दुःख होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि रमाबाई यांच्या पाच अपत्यांपैकी एकटे यशवंत मोठे झाले. धाकटा राजरत्न १९२६ च्या जुलैत न्यूमोनियाने गेला. २० मार्च १९२७ चे महाड आपल्याला मुखोद्गत असते. त्याआधी जेमतेम आठ महिने त्या घरात काय घडले होते, हे किती जणांना ठाऊक आहे?

११/
कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेल्या बॅरिस्टरलाही आपला मुलगा वाचवता आला नाही, कारण १९२६ साली न्यूमोनियावर खात्रीचे औषध जगातच नव्हते. सल्फा औषधे १९३० च्या दशकात आली, पेनिसिलिन १९४० च्या दशकात वापरात आले, आणि पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ साली झाली. त्याआधी काढे, लेप आणि शेक सर्व घरांत होते, माया तर होतीच. ज्यांना 'पूर्वी'चा हेवा वाटतो, त्यांनी ती पूर्वी या घराच्या उंबऱ्यावर उभे राहून पाहावी.

१२/
घर म्हटले की घराच्या आकाराचाही विचार आला. १९२१ साली मुंबईच्या आरोग्य खात्याने बालमृत्यूंची वर्गवारी खोल्यांनुसार केली. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत दर हजार नोंदलेल्या जन्मांमागे एक वर्षाच्या आत सुमारे ८२८ मृत्यू, आणि चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत सुमारे १३३. या आकड्यांना इतिहासकाराने चिमटीत धरावे. बाळंतपणाला बाया कोकणात, देशावर माहेरी जात. जन्म तिकडे नोंदला जाई आणि मूल दगावले तर मृत्यू मुंबईत. त्यामुळे ८२८ हा आकडा फुगलेला आहे. पण कितीही वजावट केली तरी खोली आणि मृत्यू यांचे नाते पुसले जात नाही. कोंडलेल्या हवेच्या एका खोलीत एकाला झालेला खोकला सर्वांचा होतो.

१३/
ती खोली इतिहासजमा झालेली नाही, आणि म्हणून आता कळव्याकडे येऊ. १८५४ साली ठाण्याची खाडी ओलांडून लोहमार्ग कल्याणला गेला तो कळव्यावरून. १९६० नंतर ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने उभे राहिले आणि त्यांनी बोलावलेली माणसे इथे वसली. पुढच्या पिढ्या पारसिकच्या डोंगरउतारावर चढत गेल्या. वाघोबा नगर, भास्कर नगर, घोलाई नगर या वस्त्यांतल्या एकाला एक लागून असलेल्या खोल्या पाहिल्या की १९२१ चा तो तक्ता जुना वाटत नाही. फरक पडला आहे तो एका गोष्टीने: आज त्या खोलीतल्या बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांवर लस मिळू शकते. "पूर्वी कुठे होत्या लसी" म्हणणारा नेमका तेवढाच फरक पुसायला निघाला आहे.

१४/
आता प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा घेऊ. "सरकारने सुईच्या आडून लोकांवर जुलूम केला आहे, १८९७ चे पुणे आठवा." आठवूच. सोल्जर घरात घुसले, बायकांची विटंबना झाली, देवघरांत बुटांचे पाय पडले, सामान जाळले. लोकांचा संताप रास्त होता. पण तो संताप कशावर होता, हेही वाचावे. तो झडत्यांवर आणि सक्तीच्या हलवाहलवीवर होता. टिळकांनी त्या जुलमावर आसूड ओढले आणि त्याच वर्षी पुण्यात हिंदू प्लेग रुग्णालय उभारण्यात पुढाकारही घेतला. उपचार हवे होते, पण माणूस म्हणून वागवून हवे होते. रँडचे नाव घेऊन आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेला दारातून परत पाठवणे, हा त्या लढ्याचा वारसा होऊच शकत नाही.

१५/
दुसरा मुद्दा: "हा सारा औषध कंपन्यांचा डाव." डांग्या खोकल्याच्या प्रभावी लसीची कथा वेगळे सांगते. अमेरिकेत मिशिगन राज्याच्या ग्रँड रॅपिड्स येथील सरकारी प्रयोगशाळेत पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग काम करीत. १९३० च्या दशकातील महामंदीत, दिवसाचे काम आटोपून, संध्याकाळी त्या गरिबांच्या घरी जात, खोकणाऱ्या मुलांच्या तोंडापुढे तबकडी धरून जंतू गोळा करीत. लोनी गॉर्डन या कृष्णवर्णीय संशोधिकेने पुढे लसीसाठी योग्य ते जंतू निवडण्याचे मोठे काम केले. घटसर्प आणि धनुर्वाताच्या लसींबरोबर ही लस जोडून त्रिगुणी लस झाली ती १९४० च्या दशकात.

१६/
तिसरा मुद्दा: "लसीने त्रास होतो." होतो. जुन्या पद्धतीच्या या लसीने ताप येतो, मांडी सुजते, बाळ रडरड करते. ते लपवणारा माणूस लसीचा शत्रूच समजावा. पण भीतीपोटी लस सोडली तर काय होते, हा प्रयोगही इतिहासात होऊन गेला आहे. १९७५ साली लशीनंतर दोन बाळे दगावल्यावर जपानने डांग्या खोकल्याची लस तात्पुरती थांबवली. ती पुन्हा सुरू झाली तरी लोकांचा विश्वास परतला नाही, आणि लस घेणाऱ्यांचे प्रमाण कोसळले. १९७९ साली सुमारे १३,००० रुग्ण आणि ४१ मृत्यू झाले.

१७/
ब्रिटनमध्येही तेच घडले. १९७४ साली ही लस मेंदूला इजा करते, असा संशय व्यक्त करणारा शोधनिबंध आला. लसीकरण सुमारे ८० टक्क्यांवरून ३० टक्क्यांच्या आसपास घसरले, आणि मग दोन मोठ्या साथी आल्या. रुग्णांची संख्या लाखावर गेली. १९८८ साली तिथल्या न्यायालयाने सर्व पुरावा तपासून, लसीमुळे मेंदूला कायमची इजा होते हे सिद्ध झालेले नाही, असा निर्णय दिला. तोवर शंकेची किंमत मुलांनी मोजून झाली होती. जपानने मात्र पुढे कमी त्रासाची नवी लस बनवली आणि १९८१ पासून वापरात आणली. शंका घ्यायची तर ती अशी, अधिक चांगल्या लसीपर्यंत नेणारी.

१८/
भारतात विस्तारित लसीकरण कार्यक्रम १९७८ साली सुरू झाला, सार्वत्रिक लसीकरण १९८५ साली, आणि पाच रोगांवरची पंचगुणी लस २०११ पासून टप्प्याटप्प्याने आली. महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर १९७१ साली दर हजार जन्मांमागे १०५ होता. २०२० साली तो १६ झाला. हे सारे श्रेय एकट्या लसीचे नाही. अन्न, पाणी, दवाखान्यातली बाळंतपणे, प्रतिजैविके, आयांचे शिक्षण यांचा त्यात मोठा वाटा आहे. पण या पन्नास वर्षांत जे जे बदलले त्याची यादी केली, तर तिच्यात काढा कुठेच नाही. काढा १९७१ सालीही होताच.

१९/
मोजण्याने जीव कसे वाचतात, याचे जगाने वाखाणलेले उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या दाया आणि आरोग्यसेवकांना बाळाचे श्वास मोजायला शिकवले. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी मणी सरकवण्याचे साधन बनवले. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० वा अधिक, वर्षाच्या आत ५० वा अधिक, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० वा अधिक श्वास म्हणजे धोका. मग लगेच औषध. १९९० साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे: प्रयोगाच्या ५८ गावांत पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे ८.१ मृत्यू, तुलनेच्या ४४ गावांत १७.५. ज्यांना सरकारी दप्तराने कधी नीट मोजले नव्हते, त्यांचे श्वास एका दाईने मोजले आणि मृत्यू निम्म्याहून कमी झाले.

२०/
आणि मोजणे सुटले की काय होते, हे २०२२ च्या हिवाळ्यात आपल्या दाराशी दिसले. कोविडच्या काळात लसीकरण मागे पडले होते. गोवंडी, भिवंडी, मालेगाव येथे गोवर उसळला आणि मुले दगावली. त्यांत लस न घेतलेली बरीच होती. गोवरात मूल अनेकदा न्यूमोनियाने जाते, म्हणजे शेवटचा घाव श्वासावरच असतो. भिवंडी कळव्यापासून किती दूर आहे, हे इथल्या वाचकांना सांगायला नको.

२१/
मात्र सारा दोष आईच्या माथी मारणाऱ्यांत मी नाही. डोंगरउतारावरच्या वस्तीत लस चुकते, ती नेहमी नकारामुळे चुकत नाही. रोजंदारी बुडते, गावी जावे लागते, कार्ड हरवते, खोली बदलते. पुष्कळदा लस नाकारण्याची चैन करतो तो चार खोल्यांत राहणारा, आणि तिची किंमत चुकवते ती एका खोलीतली आई. म्हणून मागणी दोन्हीकडे हवी. लसीकरणाची सत्रे संध्याकाळी आणि रविवारी वस्तीतच व्हावीत, आणि डांग्या खोकला, गोवर, न्यूमोनिया यांचे प्रभागवार आकडे महापालिकांनी दरमहा जाहीर करावेत. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात एका दिवसात १८ रुग्ण दगावले, तेव्हा देशभर बातमी झाली आणि चौकशी समिती बसली. तेच १८ मृत्यू वर्षभर, वेगवेगळ्या घरांत, एकेक करून झाले, तर ते मोजणारा रकाना आजही हवा आहे.

२२/
वाचकहो, तुम्ही इतिहासाचे प्रेमी आहात, तर तीन कामे करा. पहिले: घरातल्या सर्वांत वृद्ध स्त्रीला 'किती झाली' यापुढे जाऊन 'किती राहिली' हेही विचारा, आणि गेलेल्यांची नावे, नाव नसेल तर नुसती संख्या, वंशावळीत लिहा. दुसरे: घरात तान्हे बाळ असेल तर त्याच्या कार्डावरच्या दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या तारखा आजच पाहा, दीड वर्षानंतरचा आणि पाच वर्षांचा डोसही विसरू नका. तिसरे: तुम्हाला स्वतःला दोन आठवडे खोकला असेल, तर त्या बाळाला मांडीवर घेण्याआधी डॉक्टर गाठा.

२३/
पुढच्या वेळी कोणी "पूर्वी कुठे होत्या लसी?" असे विचारले, तर रागावू नका. प्रश्न बरोबर आहे आणि त्याचे उत्तर सरळ आहे. पूर्वी लसी नव्हत्या. म्हणून पूर्वी धोंडू होते, दगडू होते, आणि त्यांच्या आधीची नाव न राहिलेली भावंडे होती. (थ्रेड समाप्त)